त्या पात्याला धार होती

श्री. बशीरभाई शिकलगार यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा मी लगेच होकार दिला आणि पुढचे दोन आठवडे कागदाला हात लावला नाही. बशीरभाईंविषयी खरे लिहायचे, तर माझ्याविषयीही खरे लिहावे लागणार होते आणि ते काही सुखाचे नाही. ज्या शिक्षणसंस्थेत मी उद्यान निरीक्षक म्हणून सबंध नोकरी केली, तिच्या दप्तरात बशीरभाईंच्या सहीचा एक कागद आहे. आपण लावलेली धार बोथट होती, असे त्यांनी त्यात स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे. तो कागद खोटा आहे. तो खोटा आहे हे आजवर तिघांनाच ठाऊक होते आणि त्या तिघांतला एक मी. तो दुरुस्त करावा, एवढ्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलो आहे.

परवानगी मागायला गेलो, तेव्हा बशीरभाई चष्मा पुसत म्हणाले, "लिहा की. पण आधी गवताचं लिहा. माझं कौतुक वाचून कोणाचं लॉन सुधारत नाही." तेव्हा आधी गवताचे.

चाळीसेक वर्षे झाली असतील. शेतकीची पदवी घेऊन मी नुकताच नोकरीला लागलो होतो. संस्थेच्या मुख्य इमारतीपुढे हरळीचे मोठे मैदान होते आणि ते कापायचे जुने यंत्र मोडकळीला आले होते. नवे घ्यायचे ठरले. कोणीतरी सांगितले, मंडईमागच्या बोळात शिकलगारांचे दुकान आहे, त्यांना विचारल्याशिवाय पुण्यात गवत कापायचे मशीन कोणी घेत नाही. मी गेलो. विळ्या, अडकित्ते, सुऱ्या घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. आत सहाणेच्या चाकापाशी पस्तिशीचे एक गृहस्थ बसले होते. मी त्यांना विचारले, "सगळ्यात चांगलं मशीन कोणतं?"

त्यांनी मान वर केली नाही. "सगळ्यात चांगली चप्पल कोणती, असं विचारता का दुकानात? का आधी पाय दाखवता?"

मला राग आला. पदवी ताजी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हेच गृहस्थ सायकलवरून आपणहून मैदानावर आले. त्यांनी कडेला चपला काढल्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनवाणी चालून आले. मध्येच थांबायचे, पायाने चाचपायचे. मग खाली बसून त्यांनी दोन्ही हातांनी हरळी विंचरल्यासारखी बाजूला केली आणि मला जवळ बोलावले. वरचा बोटभर भाग हिरवा होता. त्याखाली पिवळट, काडीसारखी देठे होती.

"ही बघा. हिचा हिरवेपणा सगळा वर. खाली नुसती काडी. हिला वरचेवर थोडं थोडं कापलं, तर ती हिरवेपणा खाली आणते आणि आडवी पसरते. वाढू दिली आणि मग एकदम कापली, तर काडी उघडी पडते. म्हणून मशीन निवडताना मैदान किती मोठं ते नंतर विचारायचं. कोणतं गवत, किती उंच ठेवणार, आठवड्यातून किती वेळा कापणार, हे आधी."

बशीरभाईंचे शास्त्र एवढेच आहे आणि ते मी पुढे अनेक परिसंवादांत स्वतःचे म्हणून सांगितले, हेही इथेच कबूल करतो. उन्हाळी गवतांचा त्यांचा हिशेब असा. हरळी उन्हात आणि पावसात धावते, थंडीत झोपते. ती जमिनीलगत ठेवायची असेल, तर सिलिंडरचे मशीन घ्यावे. त्याची गोल फिरणारी पाती खालच्या स्थिर पात्याला घासून जातात आणि गवत कात्रीत धरल्यासारखे कापतात. मात्र त्याला सपाट जमीन लागते आणि आठवड्यातून दोन-तीनदा कापणारा माणूस लागतो. गवत वाढून आडवे झाले, की सिलिंडर त्याला कापत नाही, लोळवतो. तिथे पंख्याचे मशीन हवे. त्याचे पाते आडवे गरगरते आणि कोयत्यासारखे झोडपून कापते. रुंद पानाचे सावलीतले गवत उंचच ठेवायचे असते, त्यालाही पंखाच बरा. "पंख्यानं उंची उतरवायची, सिलिंडरनं शोभा आणायची," ते म्हणत. "पंख्याकडून शोभा मागू नका. तो देतो म्हणेल, पण देणार नाही."

त्यांच्या सल्ल्याने आम्ही सिलिंडरचे हातमशीन घेतले आणि पावसाळ्यापुरते पेट्रोलवर चालणारे एक पंख्याचे.

गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार पुण्यात नवा नाही. पण बशीरभाई कारण देऊन परत पाठवत. डेक्कनच्या बाजूला राहणाऱ्या एक डॉक्टरीणबाई सिलिंडरच हवे म्हणून हटून बसल्या होत्या, कारण त्यांनी ते आमच्या मैदानावर पाहिले होते. त्यांच्या बंगल्यात आंब्याच्या सावलीत रुंद पानाचे गवत. बशीरभाई म्हणाले, "अहो बाई, तुमच्या गवताला हजामत नको, केस विंचरून पाहिजेत." त्यांना त्यांनी एक लहानसा पंखा दुसऱ्याच्या दुकानातून घ्यायला लावला आणि धार लावायला तेवढी आपल्याकडे यायला सांगितले. बाई पुढे आयुष्यभर येत राहिल्या.

शिकलगारांचे घराणे मूळचे तलवारींना धार लावणारे. तलवारी गेल्या, कात्र्या आणि विळे आले. बशीरभाईंच्या वडिलांनी गवताची यंत्रे हाती घेतली, तेव्हा मोठ्या मैदानांवर ती बैल ओढत. ओल्या गवतात खुरांचे खड्डे पडू नयेत, म्हणून बैलांच्या पायांत चामड्याचे बूट चढवत. तसल्या बुटांचा एक जोड आजही दुकानात खुंटीला टांगलेला आहे. बशीरभाईंनी धार लावलेले सिलिंडर गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना वर्तमानपत्राची पट्टी पात्यात धरण्याचा रिवाजही वडिलांचाच. पट्टी सबंध लांबीभर साफ कापली गेली तरच मशीन दुकानाबाहेर जाई. म्हातारे अब्बा दाराशी खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येक पट्टीची कड अंगठ्याने तपासत. धार हा त्या घराचा शब्द होता. हे सगळे मी मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण यापुढचे त्याशिवाय कळायचे नाही.

आता ते.

आमच्या मैदानावर सोपानराव नावाचे माळी होते. खराडीचे. तेव्हाची खराडी म्हणजे ज्वारीची रानं आणि मधून नदीकडे जाणारी वाट. ते रोज तिथून सायकलने यायचे. अकरा वर्षे हंगामी म्हणून राबत होते आणि त्यांना कायम करण्याचा ठराव त्याच महिन्याच्या बैठकीत यायचा होता. श्रावण होता. पाऊस तीन आठवडे हटला नव्हता, हरळी नडगीपर्यंत वाढली होती आणि आठ दिवसांवर संस्थेचा वर्धापनदिन होता. पाहुणे मैदानावर बसायचे होते.

पावसाने उघडीप दिली त्या सकाळी बशीरभाई पंख्याच्या पात्याला धार लावून घेऊन आले. पाते खिळ्यावर मधोमध टांगून ते दोन्ही बाजूंना सारखे राहते हे त्यांनी मला दाखवले, यंत्रात बसवले आणि कापायची उंची ठरवणाऱ्या खाचांवर बोट ठेवून, मैदानाकडे पाहत म्हणाले, "आज सगळ्यात वरच्या खाचेवर चालवा. तीन दिवसांनी एक खाच खाली. कार्यक्रमापर्यंत मखमल होणार नाही. पण हिरवं राहील. हिरवं पुरे."

मला मखमल हवी होती. संस्थेच्या कार्यवाहांसमोर, पाहुण्यांसमोर. बशीरभाई गेल्यावर मी सोपानरावांना सांगितले, सगळ्यात खालची खाच लावा आणि आजच्या आज उरका.

सोपानराव घुटमळले. "साहेब, निस्ती बुडखं दिसतील. म्हशीला बी इतकं कोन भादरत न्हाय."

"सांगतो तेवढं करा," मी म्हणालो.

दुपारपर्यंत मैदान उघडे पडले. दुसऱ्या दिवशी ऊन चढले तसे ते गोणपाटाच्या रंगाचे झाले. मी एकटाच मध्ये जाऊन गुडघ्यावर बसलो आणि देठे पाहिली. प्रत्येक काडी कात्रीने कापावी तशी साफ कापलेली होती. कुठे चिंधी नव्हती, ओढल्याची खूण नव्हती. पाते उत्तम होते. चूक खाचेची होती आणि ती खाच माझी होती.

कार्यवाहांनी लेखी खुलासा मागितला. मी एक ओळ लिहिली: "यंत्र हाताळण्यात माळ्याकडून हयगय झाली." ती ओळ लिहायला मला फार वेळ लागला नाही, याची लाज मला आजही वाटते. सोपानरावांचा ठराव बाजूला ठेवण्यात आला. त्यांना कामावरून कमी करण्याचे घाटत होते. त्याआधी यंत्र एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावे, म्हणून कार्यवाहांनी बशीरभाईंना बोलावले.

दुपारी यंत्रांच्या शेडमध्ये बशीरभाईंनी यंत्र आडवे केले, पाते पाहिले, खाच पाहिली. सोपानराव टोपी हातात धरून उभे होते. मी शेडच्या दारात.

"खाच कोणी लावली?"

"म्या लावली," सोपानराव म्हणाले.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

सोपानराव जमिनीकडे पाहत राहिले. एका शब्दाचे उत्तर होते आणि तो शब्द मीच उच्चारायला हवा होता. मी उच्चारला नाही. बशीरभाईंनी माझ्याकडे पाहिले, फार नाही, एकदाच. मग फडक्याला हात पुसले आणि कार्यालयात जाऊन कोरा कागद मागितला. त्यांनी जे लिहिले ते मला पाठ आहे. "पात्याला धार मी लावली होती. ती नीट लागली नाही. बोथट पात्याने गवत ओढले जाऊन करपले. यात माळ्याचा काही दोष नाही." खाली सही.

मी फाटकापाशी त्यांना गाठले. ते सायकलचे कुलूप काढत होते.

"तुम्हाला वाचवलं, अशा समजात राहू नका, परांजपे," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले आहात, दुसरी नोकरी मिळाली असती. मलाही दुसरं गिऱ्हाईक मिळेल. सोपानच्या घरी पाच तोंडं आहेत आणि रान जिराईत. त्याला काय मिळणार होतं?"

"मी आत्ता जाऊन खरं सांगतो."

"आता? आता सांगाल तर मीही खोटा ठरेन आणि त्याचं प्रकरण परत उघडेल. सांगायची वेळ होती तेव्हा तुम्ही दारात उभे होतात." ते सायकलवर बसले. "शनिवारी दुकानात या. काम आहे."

सोपानराव पुढच्या बैठकीत कायम झाले. हरळी महिन्याभरात पुन्हा हिरवी झाली. ती तशी मरत नाही, मुळ्यांनी पुन्हा उठते. मैदान करपले होते हे लोक विसरूनही गेले. कागद मात्र राहिला. संस्थेने बशीरभाईंचे नाव यादीतून काढले. हळूहळू इतर दोन-तीन मैदानांचे कामही थांबले. "शिकलगारांची धार आता पूर्वीची राहिली नाही," हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे आणि ऐकून गप्प बसलो आहे.

शनिवारचे काम म्हणजे शिक्षा होती. त्यांच्या ओळखीच्या एका बागेतले हरळीचे लॉन त्यांनी मला दाखवले आणि सिलिंडरचे हातमशीन माझ्या पुढ्यात ठेवले. "ढकला. सबंध हंगाम, दर शनिवारी. जो ढकलत नाही, त्यानं मशीन निवडू नये आणि खाचही सांगू नये." मी ढकलले. पहिल्या शनिवारी हाताला फोड आले, तेव्हा त्यांनीच खोबरेल आणून दिले. ओल्या गवतात मशीन किती जड होते, धार उतरली की मुठीत कसे आधी कळते, एकाच दिशेने कापत राहिले की हरळी कशी निजते, हे मला पदवीने शिकवले नव्हते. त्या हंगामानंतर पुढली पस्तीस वर्षे मी जे काही बरे काम केले, ते सगळे त्या शनिवारांचे आहे. त्या सबंध काळात त्यांनी त्या कागदाचा विषय एकदाही काढला नाही. मला शिष्य म्हणवून घेण्याचा हक्क असेल, तर तो असा मिळालेला आहे.

बशीरभाईंचे दिवस पुढे पालटले. चांगले काम फार काळ लपत नाही आणि पुण्यातल्या माळ्यांनी साहेबांचे न ऐकता यंत्रे पुन्हा त्या बोळात न्यायला सुरुवात केली. अलीकडे तर खराडीच्या मोठ्या कंपन्यांच्या आवारांतूनही त्यांना बोलावणी येतात. एका ठिकाणी व्यवस्थापकांना बसून चालवायचे मोठे यंत्र हवे होते. बशीरभाईंनी चपला काढून त्यांच्या हिरवळीवर फेरी मारली आणि विचारले, "बसणार कोण? आपण?" ते गृहस्थ हसले. "मग जो चालवणार आहे त्याला बोलवा. त्याच्याशी बोलतो." आणि कामावरच्या माणसाला शेजारी बसवून त्यांनी तासभर त्याच्याशीच चर्चा केली. मला हे कळले तेव्हा मी समजलो, ते कोणत्या दुपारची आठवण ठेवून आहेत.

एक गोष्ट मात्र पालटली नाही आणि ती सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही. त्या कागदाची बातमी अब्बांच्याही कानावर गेली होती. ज्या माणसाने जन्मभर कागदाची कड अंगठ्याने तपासली, त्याच्या मुलाने आपली धार बोथट होती असे सही करून लिहून दिले! अब्बा पंधरा दिवस दुकानात आले नाहीत. आल्यावर त्यांनी दाराशी खुर्ची टाकली नाही, आत सहाणेपाशी बसले आणि मुलगा धार लावत असताना त्याच्या हातांकडे पाहत राहिले, शिकाऊ पोराच्या हातांकडे पाहावे तसे. बशीरभाईंनी त्यांनाही खरे सांगितले नाही. अब्बा दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत, त्यांच्या तोंडून निघाले असते आणि सोपानरावांच्या नोकरीवर आले असते, एवढेच कारण. पुढच्याच वर्षी अब्बा गेले. आपल्या मुलाची धार एकदा चुकली होती, हे मनात घेऊन गेले.

अब्बांचे ते वागणे मला फार उशिरा, बशीरभाईंच्या पत्नीकडून कळले. खरे कारण ठाऊक नसतानाच त्यांनी ते सोसले होते आणि सांगताना त्या माझ्यासमोर चहा ठेवत होत्या. त्या दिवशी मी तो चहा पिऊ शकलो नाही.

सोपानराव कायम माळी म्हणून निवृत्त झाले. पेन्शन घेतात. आज ते ऐंशीच्या घरात आहेत, खराडीतच राहतात. त्यांच्या रानावर आता इमारती आहेत आणि इमारतींपुढल्या हरळीची पट्टी कोणी कशी कापतो, यावरून त्यांचे रोज कोणाशी तरी वाजते. या ग्रंथाची वार्ता लागल्यावर ते लेकीला घेऊन रिक्षाने माझ्या घरी आले. पाणी घ्यायच्या आधी त्यांनी विचारले, "साहेब, भाईंचं पुस्तक निघतंय म्हनं. त्यात ते लिवनार हाय का न्हाय? मला लिवता येत न्हाय, न्हायतर म्याच लिवलं असतं. माझी बी जीभ तवा उचलली न्हाय."

चाळीस वर्षांत माझ्याकडे कोणी एवढे सरळ पाहिले नव्हते. मी त्यांना शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी मंडईमागे गेलो. परवानगीचे बशीरभाईंचे वाक्य मी वर दिलेच आहे. मग खुंटीवरच्या त्या चामड्याच्या बुटांकडे पाहत ते म्हणाले, "छापून आलं, की एक प्रत मला जास्तीची द्या. अब्बांची खुर्ची अजून आहे. तिच्यावर ठेवीन."

म्हणून, ज्यांच्यापर्यंत हा ग्रंथ पोहोचेल त्या सर्वांसमोर आणि जे तो वाचायला आज नाहीत त्यांच्यासमोरही, मी लिहून देतो: त्या श्रावणात मैदान करपले, ते माझ्या हुकमावरून. माळी सोपानराव यांनी मला आधी सावध केले होते. संस्थेच्या दप्तरातला श्री. बशीर शिकलगार यांच्या सहीचा कागद त्यांनी एका माणसाचे घर वाचावे म्हणून लिहिला. त्यातला मजकूर खरा नाही. या लेखाची प्रत मी संस्थेकडे पाठवली असून ती त्या कागदाला जोडून ठेवावी, अशी विनंती केली आहे.

बशीरभाई, आपल्या हातांना आणि गुडघ्यांना बळ राहो, ओल्या हरळीवर अनवाणी चालण्याची आपली सकाळ अनेक वर्षे चुकू नये, आणि शंभरीच्या ग्रंथात माझ्याहून बऱ्या माणसाने आपल्यावर लिहावे, ही मनापासून इच्छा. मी त्या दिवशी गुडघ्यावर बसून प्रत्येक काडी पाहिली होती. अब्बा, त्या पात्याला धार होती.